हेस्टिंग्जची लढाई टेबलावर पुन्हा लढताना: ढालींची भिंत, माघारीची हूल आणि सोळा फेऱ्या

हेस्टिंग्जच्या लढाईचा पट छोटे शिपाई आणि फासे घेऊन मांडायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण एकाच अडचणीपाशी येऊन थांबतो: हॅरॉल्डच्या, म्हणजे इंग्रज राजाच्या बाजूने खेळणाऱ्याने दिवसभर करायचे काय? त्याची फौज टेकडीच्या माथ्यावर ढालीला ढाल भिडवून उभी आहे आणि तिथेच उभे राहण्यात तिचे हित आहे. समोरचा खेळाडू तिरंदाज पुढे काढतो, पायदळ चढवतो, घोडदळ फिरवतो आणि आपण फक्त फासे टाकत बसतो. ही लढाई मी पहिल्यांदा मांडली तेव्हा माझा भिडू तिसऱ्या फेरीनंतर खुर्चीला टेकून बसला तो शेवटपर्यंत पुढे सरकला नाही, आणि त्यात दोष त्याचा नव्हता, माझ्या मांडणीचा होता. मी शिपाई मांडले होते, टेकडी मांडली होती, पण त्या दिवशी दोन्ही सेनापतींसमोर जे निर्णय होते ते टेबलावर आणलेच नव्हते.

पुढची सगळी पद्धत त्या चुकीतून उभी राहिलेली आहे. मध्ययुगीन लढाई टेबलावर पुन्हा लढताना आधी निर्णय शोधावेत, मग त्यांना साजेसे नियम लिहावेत आणि सर्वांत शेवटी शिपाई मोजावेत, असा क्रम मी आता पाळतो. उदाहरण हेस्टिंग्जचे घेतले आहे, कारण या लढाईत हा क्रम चुकला की खेळ लगेच कोसळतो.

पहिली पायरी: त्या दिवसाचा पेच समजून घेणे

लढाई शनिवारी, 14 ऑक्टोबर 1066 रोजी झाली. त्याच वर्षी 5 जानेवारीला इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर निपुत्रिक वारला आणि दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्ड गॉडविन्सनचा राज्याभिषेक झाला. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम गादीवर हक्क सांगत होताच; पण आधी उतरला तो नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्द्राडा. त्याने 20 सप्टेंबरला फुलफर्डला उत्तरेकडच्या इंग्रज सरदारांचा पराभव केला. हॅरॉल्डने वेगाने उत्तर गाठून 25 सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिज येथे त्याचा निकाल लावला. तीनच दिवसांनी, 28 सप्टेंबरला, विल्यमची फौज दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरली. हॅरॉल्ड पुन्हा दक्षिणेकडे धावला आणि 13 ऑक्टोबरच्या संध्याकाळी लढाईच्या जागेजवळ पोहोचला.

ही पार्श्वभूमी केवळ सजावट म्हणून सांगितलेली नाही. खेळाच्या हारजितीची अट तिच्यातूनच निघते. हॅरॉल्डचे लोक थकलेले असले तरी देश त्याचा होता, आणि एक रात्र निभावली असती तर आणखी माणसे त्याला येऊन मिळू शकत होती. विल्यमच्या पाठीशी समुद्र होता, धान्य लुटून मिळवायचे होते आणि कुमक लगेच येण्याची शक्यता नव्हती. म्हणून अंधार पडेपर्यंत हॅरॉल्ड जिवंत आणि टेकडी त्याच्या ताब्यात असेल, तर इंग्रज जिंकले असे माझ्या पटावर धरले जाते. विल्यमला बरोबरी परवडत नाही. ही एक अट लिहिली की नॉर्मन खेळाडूच्या मागे घड्याळ लागते आणि तो जोखीम पत्करू लागतो.

दुसरा पेच खुद्द लढाईत आहे. सकाळी 9 च्या सुमारास तोंड लागले. नॉर्मन तिरंदाजांच्या बाणांनी आणि पायदळाच्या चढाईने भिंत हलली नाही. डाव्या बगलेवरचे ब्रिटनी प्रांताचे लोक मागे हटले, त्यांची पळापळ झाली आणि काही इंग्रज टेकडी सोडून त्यांच्या पाठीमागे उतरले. विल्यम पडल्याची आवई उठली, तेव्हा त्याने शिरस्त्राण मागे सारून स्वतःचे तोंड दाखवले, आणि खाली उतरलेले इंग्रज घोडदळाने घेरून कापले. पुढे नॉर्मनांनी माघारीची हूल देऊन हाच डाव मुद्दाम साधला, असे नॉर्मन बाजूचे इतिवृत्तकार लिहितात. इंग्रज खेळाडूचा खरा निर्णय इथे आहे: समोरचा शत्रू पाठ दाखवतो आहे, आता उतरायचे की जागेवर राहायचे? उतरणे हा दरवेळी मूर्खपणाच ठरला असता असे नाही. ब्रिटनीच्या लोकांची फळी फुटली त्या घटकेला हॅरॉल्डने सगळी फौज एकदम उतरवली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आजही खुला आहे आणि तो टेबलावरही खुलाच राहिला पाहिजे.

दुसरी पायरी: माणसे, मैदान आणि वेळ यांचे प्रमाण

दोन्ही फौजांची नेमकी संख्या कोणी मोजून ठेवलेली नाही. आजचे बरेच अभ्यासक प्रत्येक बाजूला साधारण पाच ते आठ हजार माणसे धरतात; मी दोन्हीकडे 7,000 धरतो. माथ्यावरची फळी सुमारे 800 मीटर लांब असावी असे मानले जाते. एका माणसाला रुंदीत साधारण 90 सेंटिमीटर जागा दिली, तर 800 मीटरमध्ये जवळपास 890 माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात, आणि 7,000 माणसांची खोली आठ रांगांच्या आसपास येते. हे गणित जुळले तेव्हा मला फार समाधान वाटले, कारण आकडे अंदाजाचे असले तरी ते एकमेकांशी भांडत नाहीत एवढे त्यातून कळते.

यावरून प्रमाण ठरते. इंग्रजांचे एक पथक म्हणजे 500 माणसे आणि त्याचा बेस, म्हणजे शिपाई चिकटवायची पट्टी, 8 सेंटिमीटर रुंद व 4 सेंटिमीटर खोल. मैदानाचा 1 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 7 मीटर. 180 बाय 120 सेंटिमीटरच्या टेबलावर या प्रमाणात संपूर्ण रणांगण बसते आणि नॉर्मनांना मागे हटून दम खायला जागाही उरते. टेकडीचा माथा 114 सेंटिमीटर रुंद होतो.

इंग्रजांची 14 पथके धरावीत: 3 हाऊसकार्लांची आणि 11 फिर्डची. हाऊसकार्ल म्हणजे राजाच्या आणि सरदारांच्या पदरचे कसलेले, चिलखतधारी योद्धे. फिर्ड म्हणजे जमिनीच्या प्रमाणात बोलावलेली फौज. नॉर्मन बाजूला पायदळाची 7 पथके (प्रत्येकी 500), तिरंदाजांची 3 (प्रत्येकी 500) आणि घोडदळाची 8 पथके येतात. घोड्याला जागा जास्त लागते म्हणून घोडदळाच्या पथकात 250 स्वार धरावेत. ही वाटणी माझ्या अंदाजाची आहे. घोडदळ दोन हजारांच्या आसपास असावे हा सर्वसाधारण तर्क मी तिच्यात पाळला आहे.

इंग्रजांची 14 पथके शेजारी शेजारी मांडली तर 112 सेंटिमीटर होतात, म्हणजे माथा काठोकाठ भरतो आणि राखीव म्हणून एकही माणूस उरत नाही. राखीव फौज मागे ठेवायची तर टोके उघडी पडतात. खेळ सुरू होण्याआधीच इंग्रज खेळाडूच्या हाती असा पहिला खरा निर्णय येतो.

लढाई दिवसभर, अंधार पडेपर्यंत चालली, आणि त्या काळच्या लढायांच्या मानाने हा फारच मोठा काळ आहे. एक फेरी अर्ध्या तासाची धरावी. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 म्हणजे 16 फेऱ्या. अर्धा तास कोणी सलग तलवार चालवू शकत नाही, तेव्हा एका फेरीत चढाई, झटापट, मागे हटणे, दम घेणे हे सगळे आले असे समजावे.

तिसरी पायरी: टेकडी

लढाईनंतर विल्यमच्या आज्ञेने त्या जागी मठ उभा राहिला, आणि हॅरॉल्ड पडला त्या जागीच मठातली मुख्य वेदी बांधली असे परंपरा सांगते. बांधकामासाठी माथा सपाट केल्यामुळे आज दिसणारा उतार 1066 चा नाही, हे ध्यानात ठेवून नकाशा वापरावा. मी परंपरेने सांगितलेली जागाच धरतो.

टेकडीसाठी घट्ट निळा किंवा गुलाबी फोम, म्हणजे एक्सपीएस, उत्तम. 10 मिलिमीटर जाडीचे चार थर समोच्च रेषांप्रमाणे कापून पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवावेत आणि वजन ठेवून रात्रभर वाळू द्यावेत. झटपट चिकटणारे सुपरग्लू किंवा स्प्रे रंग उघड्या फोमवर वापरू नयेत, कारण त्यांनी फोम विरघळतो; आधी भिंतीच्या पाण्याच्या रंगाचा जाड हात द्यावा. तापलेल्या तारेने फोम कापायचा असेल तर खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात.

मधला उतार मध्यम, नॉर्मनांच्या डाव्या हाताचा थोडा सौम्य आणि दोन्ही टोके खडी व झाडीची, अशी घडण करावी. पायथ्याशी दलदलीची पट्टी हवी आणि नॉर्मन डाव्या बगलेजवळ एक छोटा उंचवटा हवा, कारण पाठलागावर गेलेले इंग्रज अशाच एका उंचवट्यावर अडकून मारले गेले असे मानतात. उतारावर बेस घसरतात, ही नवख्यांची नेहमीची डोकेदुखी आहे. रंगाच्या शेवटच्या हातात बारीक चाळलेली वाळू मिसळली आणि बेसच्या तळाला पातळ फेल्ट लावले, तर पथक जागचे हलत नाही.

चौथी पायरी: शिपाई निवडणे आणि रंगवणे

28 मिलिमीटरचे शिपाई देखणे असतात, पण 8 सेंटिमीटरच्या बेसवर त्यांची जेमतेम दोन रांगांत आठ माणसे मावतात आणि ढालींची भिंत भिंतीसारखी दिसत नाही. या लढाईसाठी मी 10 मिलिमीटरचे शिपाई सुचवतो. पायदळाच्या बेसवर 24, तिरंदाजांच्या बेसवर 12 आणि घोडदळाच्या बेसवर 9 प्रतिकृती बसतात. हिशेब केला तर इंग्रज 336, नॉर्मन पायदळ 168, तिरंदाज 36 आणि स्वार 72, म्हणजे एकूण 612 प्रतिकृती होतात. आकडा ऐकून दचकू नये; रोज एक बेस पूर्ण करायचा नेम ठेवला तर 32 बेस महिन्याभरात उभे राहतात.

संदर्भासाठी बायोच्या भरतकामाइतकी, म्हणजे या लढाईची गोष्ट चित्रांत भरलेल्या जुन्या कापडी पट्टीइतकी, मोलाची दुसरी वस्तू नाही. सुमारे 70 मीटर लांबीच्या त्या पट्टीत दोन्ही बाजूंचे योद्धे जवळजवळ सारख्याच साखळीच्या चिलखतात आणि नाकावर पट्टी असलेल्या शिरस्त्राणात दिसतात. फरक बारीक आहेत: पुष्कळ इंग्रजांना मिशा आहेत, नॉर्मनांची मान मागून भादरलेली आहे. लांबट, खाली निमुळती होणारी ढाल दोन्हीकडे दिसते, गोल ढाली काही इंग्रजांकडे. इंग्रज फळीत एकच तिरंदाज दिसतो. सरदारांची वंशपरंपरागत चिन्हे ढालींवर रंगवण्याची पद्धत बाराव्या शतकात रुजली, त्यामुळे शेपूट उंचावलेले सिंह आणि पत्र्याची पूर्ण चिलखते इथे नकोत. कपड्यांना वनस्पतींपासून मिळणारे रंग द्यावेत: मंजिष्ठेचा विटकरी लाल, मळका निळा, फिकट पिवळा आणि बिनरंगी लोकरीचे करडे-तपकिरी. झेंडे मात्र मन लावून रंगवावेत. हॅरॉल्डकडे लढवय्या पुरुषाचे चित्र असलेला ध्वज आणि वेसेक्सचा ड्रॅगन, तर विल्यमकडे पोपने पाठवलेला ध्वज होता असे नॉर्मन लेखक सांगतात.

आता एक बेस जवळून पाहू. शिपाई तपकिरी प्राइमरने एकसारखे झाकून घ्यावेत. कपड्यांना चारपाच रंगांचे सपाट हात द्यावेत. पण एका बेसवर एकच रंग चारपाच जणांपेक्षा जास्त जणांना देऊ नये, नाहीतर गणवेश घातल्यासारखे वाटते. चिलखताला काळसर हात देऊन वरून राखाडी-चंदेरी रंगाचा ड्रायब्रश फिरवावा: ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकून कोरडा ब्रश कड्यांच्या उंचवट्यांवरून हलकेच नेला की साखळी आपोआप उठून दिसते. मग पातळ तपकिरी वॉश सगळीकडे सोडावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. ढाली अजून लावलेल्या नसतात. त्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या पट्टीवर ओळीने बसवून वेगळ्या रंगवाव्यात. बेसवर पुढची रांग चिकटवल्यावर उजव्या टोकापासून एकेक ढाल लावत डावीकडे जावे आणि प्रत्येक ढालीची कड शेजारच्या ढालीवर पावभर चढू द्यावी. ढाल डाव्या हातात असते, म्हणून प्रत्येकाची ढाल त्याच्या डावीकडच्या माणसाची उजवी बाजू झाकते. ही दिशा सगळ्या बेसवर एकच ठेवली, तर 14 बेस शेजारी ठेवल्यावर भिंत सलग दिसते. दोन हातांनी परशू चालवणाऱ्या हाऊसकार्लला ढाल पाठीवर घ्यावी लागते आणि परशू फिरवायला जागा लागते, म्हणून त्याला दोन ढालींमधल्या फटीत उभा करावा. शेवटी मॅट व्हार्निशचा हात द्यायला विसरू नये. हाताच्या घामाने टोकांचा रंग उडतो.

पाचवी पायरी: लढण्याचे नियम

सहा बाजूंचे साधे फासे पुरतात. झटापटीत फिर्डला 3 फासे, हाऊसकार्लांना 5, नॉर्मन पायदळाला 4, घोडदळाला 4 आणि मोकळ्या मैदानात चाल करून आलेल्या घोडदळाला 5. एरवी 4 किंवा जास्त पडले की घाव लागतो. सपाटीवरच्या ढालींच्या भिंतीवर 5 लागतात. टेकडीवरच्या भिंतीवर फक्त 6. दोन्ही बाजू एकाच वेळी फासे टाकतात. प्रत्येक घावामागे पथकाजवळ एक खूण ठेवावी. ती खूण म्हणजे मेलेली माणसे एवढाच अर्थ नाही. थकवा, भीती, फुटलेल्या ढाली हे सगळे तिच्यात येते. फिर्ड आणि नॉर्मन पायदळ 4 खुणांवर फुटते, हाऊसकार्ल 5 वर, घोडदळ 3 वर, तिरंदाज 2 वर.

तिरंदाजांचा पल्ला 15 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 100 मीटर. प्रत्येक पथक 2 फासे टाकते आणि भिंतीवर 6 लागतातच. चार वेळा बाण सोडले की भाते रिकामे होतात आणि पथकाला दोन फेऱ्या मागे जावे लागते. इंग्रजांकडे तिरंदाज फार थोडे असल्यामुळे उलट येणारे बाण गोळा करून पुन्हा सोडण्याची सोय नॉर्मनांना नव्हती, असा तर्क केला जातो. हा नियम त्या तर्कावर बेतला आहे.

पायदळ सपाटीवर 15 सेंटिमीटर आणि चढावर 8 चालते. घोडदळ 25 आणि 15. खड्या टोकांवर आणि दलदलीत सगळ्यांचा वेग निम्मा. शत्रूपासून 20 सेंटिमीटरपेक्षा दूर असलेले पथक दर फेरीला एक खूण पुसू शकते. इंग्रज भिंतीतले पथक त्या फेरीत कोणी भिडले नसेल आणि त्याच्यावर बाणही आले नसतील तरच एक खूण पुसते. माथ्यावर फळीचे टोक उघडे पडून नॉर्मन पथक तिथे चढले, तर त्याला भिंतीविरुद्ध 6 ऐवजी 5 पुरतात. दुपारनंतर माणसे कमी होऊन फळी आखडते, तेव्हा हा नियम फार बोलतो.

या आकड्यांमागचा हिशेब मुद्दाम सांगतो, म्हणजे बदल करताना हात कुठे घालायचा ते कळेल. घोडदळाने टेकडीवरच्या भिंतीवर चाल केली तर 4 फाश्यांत सरासरी पाऊण घावही लागत नाही, आणि समोरच्या फिर्डकडून मात्र दीड घाव बसतो. म्हणजे दुसऱ्या फेरीपर्यंत थांबलेले घोडदळ बहुधा फुटतेच. तेच फिर्ड खाली उतरून उघड्यावर सापडले तर 5 फाश्यांत अडीच घाव लागतात आणि दोन फेऱ्यांत त्याचा बोऱ्या वाजतो. एकाच शिपायांची एकाच शत्रूसमोर उतारावरच्या काही पावलांनी जवळपास चौपट दैना होते. सगळा खेळ या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा आहे.

सहावी पायरी: माघार खरी की हूल

भिडलेले नॉर्मन पथक मागे घ्यायचे असेल, तर नॉर्मन खेळाडूने कागदाच्या चिठ्ठीवर ‘खरी’ किंवा ‘हूल’ असे लिहून चिठ्ठी पथकाखाली उपडी ठेवावी. फुटलेल्या पथकाखालीही चिठ्ठी ठेवावी, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. इंग्रज खेळाडूने आधी ठरवावे की समोरची पथके स्वखुशीने उतरवायची का. त्याने नाही म्हटले तरी माघार घेणाऱ्याच्या समोरचे प्रत्येक फिर्ड पथक एक फासा टाकते. 1 किंवा 2 पडले तर ते हुकूम न मानता पाठलागावर धावते. हाऊसकार्ल फक्त 1 पडला तर धावतात. हॅरॉल्ड किंवा त्याचे भाऊ गर्थ आणि लिओफवाइन यांच्यापैकी कोणी 20 सेंटिमीटरच्या आत असेल, तर फाशात एक मिळवावा.

पाठलाग झाला की चिठ्ठी उलटावी. माघार खरी असेल तर पळणारे पथक तोंड फिरवू शकत नाही आणि पाठलाग करणारे दोन जादा फासे टाकतात. अशा वेळी ब्रिटनीच्या लोकांची सगळी बगल कोसळू शकते आणि मी तसे होताना पाहिले आहे. हूल असेल तर नॉर्मन खेळाडू एक फासा टाकतो. 3 किंवा जास्त पडले तर पथक वळून चाल करते. 1 किंवा 2 पडले तर हुलीचीच खरी पळापळ होते आणि चिठ्ठीचा काही उपयोग राहत नाही.

हा शेवटचा भाग मी नंतर घातला. आधी हूल दरवेळी यशस्वी होत असे, त्यामुळे इंग्रज खेळाडू कधीच उतरत नसे आणि आम्ही पुन्हा सुरुवातीच्या अडचणीवर येऊन बसलो. हजारो माणसांच्या गर्दीत, घोडा वळवण्याची आज्ञा शेवटच्या स्वारापर्यंत पोहोचवून पळण्याचे सोंग आणायचे हे काम किती नाजूक असेल याचा विचार केला, तेव्हा नियम आपोआप सुचला. आता हूल देणाऱ्यालाही धडकी भरते आणि उतरणाऱ्यालाही आशा असते.

नॉर्मन बाजूचे पहिले पथक फुटेल तेव्हा विल्यमच्या मृत्यूची आवई तपासावी. फाशात 1 किंवा 2 पडले, तर विल्यमपासून 20 सेंटिमीटरपेक्षा दूर असलेले एकही पथक पुढच्या फेरीत चढाई करत नाही. विल्यमने ती फेरी इतर काहीही न करता, तोंड दाखवत फळीभर फिरण्यात घालवली, तर आवई तिथेच मरते. त्याच्या अंगाखालचे तीन घोडे त्या दिवशी मारले गेले असे त्याचा चरित्रकार लिहितो, तेव्हा विल्यमला पथकाबरोबर झटापटीत उतरवून एक जादा फासा घेण्याची मुभा द्यावी. मात्र ते पथक फुटले आणि फाशात 1 पडला, तर विल्यम खरोखरच पडला आणि लढाई तिथेच संपली.

सातवी पायरी: मांडणी आणि दिवसाचा ओघ

इंग्रज खेळाडूने आधी मांडावे. नॉर्मन बाजूचे तीन विभाग ठरलेले आहेत. डावीकडे ब्रिटनीचे लोक: 2 घोडदळ, 2 पायदळ, 1 तिरंदाज. मध्ये स्वतः विल्यम आणि त्याचे नॉर्मन: 4 घोडदळ, 3 पायदळ, 1 तिरंदाज. उजवीकडे फ्रेंच व फ्लेमिश: 2 घोडदळ, 2 पायदळ, 1 तिरंदाज. प्रत्येक विभागात पुढे तिरंदाज, मग पायदळ, मग घोडदळ असा क्रम ठेवावा. ऐतिहासिक मांडणीची सक्ती पहिल्या दोन फेऱ्यांपुरतीच करावी आणि तिसऱ्या फेरीपासून खेळाडूला मोकळे सोडावे; सोळाही फेऱ्या इतिहासाबरहुकूम चालवायच्या असतील तर फासे लागतच नाहीत.

सोबत तिसरा माणूस असेल तर त्याला पंच करावे. चिठ्ठ्या तोच सांभाळतो, फेऱ्या मोजतो आणि वादाचा प्रसंग आला की फासा टाकून पुढे नेतो. पहिल्या वेळी चार तास धरावेत, सरावल्यावर अडीच तासांत डाव उरकतो. पाहुणे बोलावण्याआधी एकट्याने दोन्ही बाजू खेळून दोन-तीन वेळा सराव करावा. इंग्रज फळी दहाव्या फेरीआधी सतत कोसळत असेल तर तिरंदाजांचे बाण चारावरून तीनवर आणावेत. शेवटपर्यंत ओरखडाही येत नसेल तर फिर्डच्या पाठलागाची हद्द 1-2 ऐवजी 1-2-3 करावी. एका वेळी एकच आकडा बदलावा, नाहीतर कशामुळे काय झाले ते समजत नाही.

हॅरॉल्ड ज्या पथकात उभा आहे ते फुटले, तर 1 ते 3 वर तो पडतो. तेराव्या फेरीपासून त्याच्या पथकाला बाणाचा घाव लागला तरीही एक फासा टाकावा आणि 1 वर तो पडला असे धरावे. त्याच्या मृत्यूची हकिगत वेगवेगळी सांगितली जाते, डोळ्यात घुसलेल्या बाणाची गोष्ट त्यांतली एक. पण तो दिवस कलताना पडला यावर फारसा वाद नाही. हॅरॉल्ड पडल्यानंतर प्रत्येक फिर्ड पथक दर फेरीला फासा टाकते आणि 1 किंवा 2 पडले की रान जवळ करते. हाऊसकार्लांनी फासा टाकू नये. ते जागा सोडत नाहीत.

डाव संपल्यावर शिपाई लगेच गोळा करू नयेत. वरून एक छायाचित्र घ्यावे, कोणत्या फेरीत कोणते फिर्ड का उतरले ते वहीत टिपावे आणि उपड्या राहिलेल्या चिठ्ठ्या उलटून पाहाव्यात. कोणत्या माघारी खऱ्या होत्या हे इंग्रज खेळाडूला त्याच वेळी कळते, आणि आमच्याकडे खरी चर्चा तिथून सुरू होते. पुढच्या वेळी बाजू बदलून बसावे. ज्याने आधी हूल लिहिली होती त्याला आता टेकडीवरून तीच पळापळ पाहायची असते, आणि हात फाशाकडे जाण्याआधी तो समोरच्या उपड्या चिठ्ठीकडे बराच वेळ पाहत राहतो.